टॉवर दुसऱ्याचा, तार आपली

अमेरिकेच्या माँटाना राज्यात ग्लेनडाइव्ह नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे नगरपंचायतसुद्धा मिळणार नाही एवढी. या गावाला १९५७ पासून स्वतःचं टीव्ही केंद्र आहे. तिथल्या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीने देशाचे २१० बाजार पाडले आहेत आणि प्रेक्षकसंख्येनुसार त्यात ग्लेनडाइव्हचा नंबर वर्षानुवर्षं शेवटचा. तरी केंद्र आहे आणि परवाना त्या गावाच्या नावाने आहे.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार भरली, लातूरची २४ लाख ५४ हजार. दोन्ही मिळून ५८ लाख, म्हणजे तेव्हाच्या अख्ख्या डेन्मार्कपेक्षा थोडी जास्तच. या दोन जिल्ह्यांत स्वतः कार्यक्रम तयार करून हवेतून सोडणारं टीव्ही केंद्र कधीच उभं राहिलं नाही. आणि तरीही नांदेडच्या किंवा लातूरच्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, 'लोकल चॅनल' म्हणजे काय ते तो न अडखळता सांगेल. काल कुणाचा सत्कार झाला, मोंढ्यात सोयाबीन काय भावाने गेलं, नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं, हे त्याने टीव्हीवरच पाहिलेलं असतं. केंद्राशिवाय टीव्ही कसा चालला, याची ही गोष्ट आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. १८८५ च्या इंग्रजी अमदानीतल्या तार कायद्याने संदेश पाठवण्याचा हक्क सरकारकडे ठेवला. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, पण कायदा तोच राहिला. त्यामुळे एखाद्या व्यापाऱ्याने किंवा वर्तमानपत्राने 'आमच्या जिल्ह्यापुरतं टीव्ही केंद्र काढतो' म्हणायची सोयच नव्हती. टीव्ही येणार तर दिल्लीच्या मर्जीने आणि दिल्लीच्या क्रमाने. हा क्रम असा लागला : दिल्ली १९५९, मुंबई २ ऑक्टोबर १९७२, पाठोपाठ पुण्याला मुंबईचंच चित्र. मराठवाडा या यादीत कुठेच नव्हता.

पण टीव्ही मराठवाड्याच्या कुंपणापर्यंत आला होता, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर भारताने एक अचाट प्रयोग केला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेतला आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात जाळीची मोठी तबकडी, आत एक संच आणि समोर सगळं गाव. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य आणि करमणूक. 'साइट' या नावाने हा प्रयोग जगभर गाजला. त्यातले आंध्रचे जिल्हे होते हैदराबाद, मेदक, महबूबनगर आणि कर्नूल, तर कर्नाटकचे होते गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर.

ही नावं मराठवाड्याच्या माणसाने पुन्हा एकदा वाचावीत. कर्नूल आणि विजापूर सोडले, तर बाकी सगळा निजामाचा मुलूख. १९५६ ला हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे तीन भाषिक राज्यांत गेले. तेलुगू तुकड्याला आणि कानडी तुकड्याला १९७५ मध्ये आकाशातून टीव्ही मिळाला आणि मराठी तुकडा कोरडा राहिला, कारण महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हताच. मुंबई-पुण्यात टीव्ही आहे म्हणजे महाराष्ट्रात टीव्ही आहे, असा हिशेब कागदावर सहज बसतो. त्या वर्षभर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण, हा योगायोग मात्र गमतीचा म्हणावा की काय, ते कळत नाही.

प्रयोग संपल्यावर उपग्रह परत गेला, पण जिथे तो झाला त्या भागात जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं देण्याचं ठरलं. त्यात गुलबर्ग्याला १९७७ मध्ये दूरदर्शन मिळालं. उमरग्याहून पुढे आळंदची शीव ओलांडली की गुलबर्गा जिल्हा लागतो. म्हणजे शेजारच्या मागास जिल्ह्याच्या गावाला कानडी टीव्ही आला तेव्हा लातूर जिल्हा जन्मालाच यायचा होता, तो उस्मानाबादपासून वेगळा झाला १९८२ मध्ये.

आपल्याकडे टीव्ही आला तो इन्सॅट उपग्रहांच्या लाटेवर. १९८२ च्या एशियाडने रंगीत टीव्ही आणला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी वर गेला आणि सरकारने कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचा सपाटा लावला. १९८४ मध्ये तर काही महिने रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. लाखावर वस्तीच्या शहरांना प्राधान्य होतं. १९८१ च्या जनगणनेत नांदेड दोन लाखांच्या जवळ पोचलेलं आणि लातूरने लाख नुकताच ओलांडलेला. दोन्ही शहरं त्यामुळे टीव्हीच्या नकाशावर आली.

हा प्रक्षेपक म्हणजे काय, हे समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. एक तबकडी उपग्रहावरून दिल्लीचं चित्र घेणार. शेजारच्या खोलीतलं शंभर वॅटचं यंत्र ते घरगुती अँटेनाला कळेल अशा लहरींत बदलून मनोऱ्यावरून सोडणार. संपलं. स्टुडिओ नाही, कॅमेरा नाही, निवेदक नाही. शंभर वॅट म्हणजे त्या काळच्या घरातला एक मोठा बल्ब. तेवढ्या ताकदीवर चित्र जाणार पंधरा-वीस किलोमीटर, फार तर पंचवीस. नांदेडच्या मनोऱ्यातून अर्धापूरला चित्र दिसे. देगलूर, किनवट, माहूर फार लांब. या केंद्रात काम करणाऱ्या इंजिनिअरला मनात आणलं तरी 'उद्या शहरात पाणी येणार नाही' एवढी एक ओळ पडद्यावर दाखवता आली नसती. दाखवायला जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट. इन्सॅटवरून येई ते दिल्लीचं. मुंबई केंद्र 'गजरा', 'आमची माती आमची माणसं' दाखवत होतं, पण सुरुवातीची काही वर्षं ते लातूर-नांदेडच्या छोट्या मनोऱ्यांपर्यंत पोचत नव्हतं. मराठवाड्यातल्या एका पिढीने टीव्हीवर आधी हिंदी ऐकली आणि मराठी नंतर. १९८४ च्या जुलैत 'हम लोग' आली, १९८७ च्या जानेवारीत 'रामायण', आणि रविवारी सकाळी एकेका संचासमोर सगळी गल्ली. अँटेना फिरवायला एक जण गच्चीवर, 'आलं का?' असं वरून ओरडणार, आणि खालून 'आलं आलं... गेलं!' पडद्यावर मुंग्या.

लातूरकडच्या लोकांना खरा आधार झाला तो अंबाजोगाईच्या मनोऱ्याचा. अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेली, लातूरपासून साठेक किलोमीटर. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, टेकडीला वळसा घालत नाहीत. म्हणून उंचावर मनोरा उभारला की त्याच ताकदीत पल्ला वाढतो, आणि इथे तर ताकदही मोठी, उच्चशक्ती प्रक्षेपणाची. गाव बीड जिल्ह्याचं, पण त्याने लातूर, बीड, परभणीकडच्या कितीतरी घरांत चित्र पोचवलं. अंबाजोगाईतच वाढलेले प्रमोद महाजन पुढे, १९९८-९९ च्या सुमारास, केंद्रात माहिती व प्रसारण मंत्रीही झाले. तरी मनोरा मनोराच राहिला. वरून येईल ते खाली सोडायचं.

रेडिओचं तसं नव्हतं. आकाशवाणीने राष्ट्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक अशी तीन पातळ्यांची रचना मानली आणि १९८४ मध्ये नागरकोइलपासून स्थानिक केंद्रं सुरू केली. त्या मालिकेत नांदेड, बीड, उस्मानाबाद यांना आपापली केंद्रं मिळाली आणि गावातल्या माणसाचा आवाज गावात ऐकू येऊ लागला. टीव्हीबाबतही सूचना झाल्या होत्या. पी. सी. जोशी समितीने ऐंशीच्या दशकातच सांगितलं होतं की दिल्लीकेंद्री टीव्ही देशाचा चेहरा दाखवू शकणार नाही, कार्यक्रमनिर्मिती खाली उतरली पाहिजे. समितीच्या अहवालाचं कौतुक झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक कॅमेरा मात्र आला नाही.

मग कॅमेरा आला तो भलत्याच दाराने.

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला आणि त्यासोबत व्हिडिओ पार्लर. लग्नात, गणपतीत, नाही तर सहज म्हणूनही व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर बघायची रीत पडली. कुणाच्या तरी डोक्यात आलं की एकाच व्हीसीआरला लांब वायर जोडून ती दहा घरांत नेली तर दहा घरांकडून पैसे घेता येतील. केबल टीव्हीचा जन्म एवढाच. १९९१ च्या आखाती युद्धाने डिशचं वेड आणलं, हाँगकाँगहून स्टार आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी सुरू झाला, आणि केबलवाल्याने गच्चीवर जाळीची मोठी डिश बसवली. जोडीला रिसीव्हर आणि मॉड्युलेटर. मॉड्युलेटर हा या गोष्टीचा खरा नायक, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

डिशवर आलेलं प्रत्येक चॅनल एका मॉड्युलेटरमधून जातं. तो त्या चित्राला एक नंबर देतो, म्हणजे अमुक चित्र टीव्हीच्या सात नंबरवर दिसेल, तमुक नऊवर. सगळ्यांचे नंबर एका डब्यात एकत्र करून जाड काळ्या कोअॅक्सियल वायरीतून ते गावभर सोडायचे. एखादा नंबर रिकामा राहिला आणि त्याच्या मॉड्युलेटरला डिशऐवजी व्हीसीआरची पिन लावली, तर तुमची कॅसेट सगळ्या गावाच्या टीव्हीवर. त्यासाठी ना मनोरा लागत होता, ना उपग्रह. एक यंत्र, तेही काही हजारांचं. दिल्लीने शंभर वॅटच्या मनोऱ्यात जी जागा ठेवली नव्हती, ती केबलवाल्याच्या खोलीत अशी आपोआप निघाली.

त्या रिकाम्या नंबरावर आधी आले पिक्चर. रात्री दहाला नवाकोरा सिनेमा, बहुतेक वेळा चोरीचाच. सिनेमाच्या खालून सरकणारी पट्टी : साड्यांचा सेल, दवाखान्याची वेळ, क्लासेसचे प्रवेश. मराठवाड्यातल्या स्थानिक टीव्ही जाहिरातीची मुळं या पट्टीत आहेत. दुकानदाराला वर्तमानपत्राची जाहिरात महाग वाटे. पट्टी स्वस्त, आणि आपलं नाव हिरोच्या पायाखालून का होईना, टीव्हीवर. मग कुणी लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफर गणपती विसर्जनाला कॅमेरा घेऊन फिरला आणि दुसऱ्या दिवशी ती कॅसेट लावली. लोकांनी स्वतःला टीव्हीवर पाहिलं. एकदा हे झाल्यावर बातम्या सुरू होणं किती लांब होतं?

तोवर सरकारला जाग आली. केबल कायदेशीर आहे की नाही, हा प्रश्न राजस्थान उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९४ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला. त्यात केबलवाल्याने नोंदणी करायची ती मुख्य पोस्ट ऑफिसात. पूर्वी रेडिओ आणि टीव्हीचे परवानेही पोस्टातूनच मिळत, १९८५ मध्ये ते बंद झाले. दहा वर्षांनी टीव्ही पुन्हा पोस्टाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. कायद्याने कार्यक्रमसंहिता घातली, दूरदर्शनची चॅनलं सक्तीची केली, जिल्हाधिकाऱ्यांना प्रक्षेपण थांबवण्याचे अधिकार दिले. स्थानिक चॅनल म्हणजे काय, ते कुणी काढायचं, त्याला परवाना हवा का, याबद्दल मात्र फारसं काही नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचा निकाल दिला. देशभर त्याची चर्चा झाली. लातूर-नांदेडचा टीव्ही मात्र लहरींवर चालतच नव्हता. तो चालत होता विजेच्या खांबांवरून ओढलेल्या तारेवर.

साधारण १९९५ पासून पुढची वीस वर्षं हा या टीव्हीचा भराचा काळ. बातमीपत्र संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच परत. मागे रंगीत कापड, टेबलावर प्लास्टिकची फुलं, समोर एक ट्यूबलाइट आणि कॉलेजातली एखादी मुलगी किंवा शाळामास्तर निवेदनाला. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा, रास्ता रोको, दुष्काळी मागण्यांचं निवेदन, पुढाऱ्याचा वाढदिवस. सत्कार समारंभ असेल तर तो अख्खा दाखवायचा, एकही हार न कापता. पुणेकर हसतील, पण यामागे हिशेब होता. स्टेजवर तीस जण असले की त्या तीस घरांत आणि त्यांच्या सोयऱ्यांत चॅनल लागणार. मोठ्या चॅनलचा संपादक बातमी कापतो ती प्रेक्षक कंटाळेल म्हणून. इथे प्रेक्षकच बातमीत होता.

हंगाम ठरलेले. लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आणि तिथला घोड्यांचा बाजार, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचा दसरा आणि होला मोहल्ला. निकालाच्या दिवसांत लातूरचं चॅनल म्हणजे गुणवंतांची भिंतच. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांभोवती वाढलेल्या 'लातूर पॅटर्न'ने शहराला क्लासेसचा बाजार दिला आणि क्लासेसनी चॅनलना जाहिराती. सराफ, साड्या, दवाखाने आणि क्लासेस. हे चार खांब काढले तर छत खाली आलं असतं.

कमाईचं कोडं मात्र सुटलं नाही. त्याचं कारण मला तरी केबलच्या धंद्याच्या मुळाशी दिसतं. महाराष्ट्रात प्रत्येक जोडणीमागे करमणूक शुल्क होतं, ते जिल्हाधिकारी कार्यालय वसूल करी. वरच्या चॅनल कंपन्यांनाही जोडण्यांवरच पैसे द्यायचे. त्यामुळे हजार घरांत वायर असली तरी कागदावर दाखवायची तीनशे, हा देशभरच्या केबलवाल्यांचा उघड गुपितासारखा शिरस्ता. आता त्याच केबलवाल्याने जाहिरातदाराला सांगायचं की आमचं चॅनल हजार घरांत दिसतं. कोणत्या कागदाच्या आधारावर? जे लपवून चार पैसे वाचले, त्याच लपवण्याने स्थानिक चॅनलचा दर कायमचा खाली ठेवला. प्रेक्षक मोजणारी मीटरंही या चॅनलच्या वाटेला गेली नाहीत.

दुसरी अडचण लाइटची. मराठवाड्यात २००० नंतरचं दशक भारनियमनाचं. केबलच्या वायरीत सिग्नल पुढे जाताजाता मंदावतो, म्हणून ठरावीक अंतरावर खांबाला अॅम्प्लिफायर टांगलेला असतो. त्याला वीज लागते, ती जवळच्या घरातून किंवा दुकानातून घेतलेली. गावात फीडरनिहाय वेळापत्रक. तुमच्या गल्लीत लाइट आहे, टीव्ही चालू आहे, पण मधल्या गल्लीत लाइट गेली की तिथला अॅम्प्लिफायर बंद आणि तुमचं केबल गायब. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणणार, 'मागं लाइट नाही, दादा.' बातमीपत्राची वेळ भारनियमनाचं वेळापत्रक पाहून ठरवावी लागे.

याच काळात उपग्रहावरची मराठी चॅनलं आली. १९९९ ला अल्फा मराठी, २००० च्या जुलैत ईटीव्ही मराठी. ईटीव्हीचं मुख्यालय हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटीत. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर, त्यामुळे मराठवाड्याला हे चॅनल जवळचं वाटलं तर नवल नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातम्या रोज दाखवायच्या हे त्याने मराठीत रुळवलं. २००७ ला झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ ला आयबीएन लोकमत आणि साम. या सगळ्यांना जिल्ह्यात माणूस हवा होता आणि कॅमेरा धरायला शिकलेली माणसं होती ती केबलच्या खोल्यांत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या माध्यमशास्त्र संकुलातून शिकलेली पोरंही पुढे त्यांना येऊन मिळाली. बातमीमागे पैसे, पगार नाही, माइकचं बोंडूक वरच्या चॅनलचं आणि मोटारसायकल स्वतःची. मराठी वृत्तवाहिन्यांचा मराठवाडा या माणसांनी उभा केला, आणि त्यांचं नाव सहसा बातमीच्या शेवटच्या चार शब्दांत येतं.

पण वरचं चॅनल आणि खालचं चॅनल एकच घटना वेगळ्या डोळ्यांनी पाहतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची माती भूकंपाने हलली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तेव्हा खासगी वृत्तवाहिनी नव्हती. जिल्ह्यात चित्र घेऊन जिल्ह्यालाच दाखवील असं काही नव्हतं. कोणत्या गावात काय वाचलं, मदत कुठे पोचली, जखमींना कुठे नेलं, ते कळायला रेडिओ, वर्तमानपत्र आणि तोंडोतोंडीच. दूरदर्शनने विध्वंस देशाला दाखवला. औशाच्या किंवा निलंग्याच्या माणसाला मात्र सोयऱ्याच्या गावाचं नाव ऐकायचं होतं.

एप्रिल २०१६ मध्ये उलट परिस्थिती होती. मांजरा धरण कोरडं, लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी, आणि मिरजेहून पाणी घेऊन 'जलदूत' रेल्वे निघाली. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात शिरली तेव्हा स्टेशनवर देशभरातल्या वाहिन्यांच्या गाड्या. गाडी आली, वाघिणींतून पाणी उपसलं, सगळं थेट. लातूरकराचा प्रश्न साधा होता, आमच्या प्रभागात टँकर कधी? त्याचं उत्तर देण्याची जागा स्थानिक चॅनलची होती, आणि नेमकी तीच जागा तेव्हा तंत्राच्या बाजूने निसटत चालली होती.

झालं असं की सरकारने केबल डिजिटल करायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात महानगरं, दुसऱ्यात पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूरसारखी मोठी शहरं. नांदेड, लातूर तिसऱ्या टप्प्यात आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५. कोर्टकचेऱ्यांमुळे ती पुढे सरकली, खेड्यांसाठी तर मार्च २०१७ उजाडला, पण काटा फिरला होता. उद्देश चांगलाच. चित्र स्वच्छ, जोडण्यांचा खरा आकडा उघड, सरकारला कर. फक्त आता चित्र येतं ते लांबच्या शहरातल्या मोठ्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून, दाबून लहान केलेलं आणि कुलूप लावलेलं. ते फायबरने लातूरला येतं, आणि ज्याला परवानगी आहे त्याच सेट-टॉप बॉक्समध्ये उघडतं. मध्ये कुणी आपली पिन लावायची म्हटलं तर एन्कोडर हवा, मल्टिप्लेक्सर हवा, त्या कुलपाची किल्ली हवी. काही हजारांच्या मॉड्युलेटरचं काम लाखांवर गेलं, आणि पैसे असले तरी कंपनीची मर्जी लागतेच. बऱ्याच गावांत केबलवाला बिल गोळा करणारा आणि बॉक्स बदलून देणारा उरला. डिशटीव्ही, टाटा स्काय (आता टाटा प्ले), दूरदर्शनची फुकट डिश यांच्यात तर स्थानिक चॅनलला जागाच नाही, कारण उपग्रहाचा झोत अख्ख्या देशावर एकच पडतो. लोकल टीव्ही तारेवरच जगतो, हे तेव्हा कळलं.

प्रेक्षक गेले म्हणून ही चॅनलं आटली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. सप्टेंबर २०१६ ला जिओ आला आणि त्याच निवेदकांनी, त्याच कॅमेऱ्यांनी, बहुतेक त्याच नावांनी यूट्यूबवर दुकान मांडलं, तर प्रेक्षक तिकडेही आले. मृत्युवार्ता, बाजारभाव, सत्कार सगळं गेलं मोबाइलवर. हरवली ती एक गोष्ट : केबलवर ठरलेल्या वेळी सगळं गाव एकच बातमीपत्र पाही. आता ज्याच्या फोनवर जे येईल ते. अफवेच्या दिवशी हा फरक फार महाग पडतो.

आणि ते मनोरे? दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या सुमारे पन्नास ठिकाणांचा अपवाद सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचं जाहीर झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गीचं, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याचं, केंद्र बंद होणार म्हणून तिकडे मोठी ओरड झाली, कारण तिकडे बंद होण्यासारखं काहीतरी होतं. आपल्याकडे ओरड झाली नाही. शंभर वॅटच्या यंत्रात कुणाचं मन गुंतणार?

पुन्हा केबलवरच्या स्थानिक चॅनलकडे येऊ. निवडणुकीत त्यांना मान होता. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही आणि केबलवरच्या राजकीय जाहिरातींना आधी मंजुरी घ्यायला लावली. मग जिल्हा निवडणूक कार्यालयात माध्यम समिती, तिथे टीव्ही संच, आणि स्थानिक चॅनलवर काय चाललंय ते बघणारे कर्मचारी. एरवी ज्याची सरकारदरबारी नोंद नाही त्याला त्या महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र येई.

सरकारी भाषेत या चॅनलना नाव मिळालं 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस'. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २०१४ मध्ये शिफारशी केल्या, आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने नियम काढले. चॅनलमागे एक हजार रुपये नोंदणी. स्थानिक बातम्या द्यायच्या तर कंपनी असली पाहिजे, दुकानाच्या नावावर चालणार नाही. एकूण चॅनलक्षमतेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त जागा नाही. पडद्यावर सतत 'प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस' असा मजकूर. एका केबल कंपनीचं चॅनल दुसरीला द्यायचं नाही. या शेवटच्या नियमाला एक सवलत आहे, धार्मिक स्थळांच्या थेट प्रक्षेपणाची, आणि ती सांगताना मंत्रालयाने मंदिरांबरोबर गुरुद्वारांचंही नाव घेतलं आहे. सवलत लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अमृतसर असेल, पण नांदेडला ती आयतीच लागू पडते.

याच नियमांत एक कलम जपणुकीचं आहे. जुन्या काळात कॅसेट महाग असे म्हणून तीच पुन्हापुन्हा वापरली जाई, आज दाखवलेल्या मोर्चावर उद्या शाळेचं स्नेहसंमेलन. भूकंपानंतरची पुनर्वसनाची गावं, दुष्काळातल्या चारा छावण्या, पुढाऱ्यांची पहिली भाषणं, अशी दोन जिल्ह्यांची वीस वर्षं त्या फितींवर चढली आणि पुसली गेली. जे वाचलं ते एखाद्या फोटोग्राफरच्या माळ्यावर, बुरशी लागलेल्या व्हीएचएसमध्ये, आणि ते डिजिटल करून ठेवावं असं अजून कुठल्या विद्यापीठाने किंवा ग्रंथालयाने मनावर घेतलेलं दिसत नाही. नव्या नियमाप्रमाणे दाखवलेला प्रत्येक कार्यक्रम जपून ठेवणं आता बंधनकारक आहे. नव्वद दिवस.